बाटलीतला फिकट विंचू

संपादकांनी फोन करून सांगितलं, "सर, विंचवांच्या गमतीजमती लिहा, जरा हलकंफुलकं." दिवाळीत लोकांना हलकंफुलकंच हवं असतं, त्यात त्यांची काही चूक नाही. आणि गमती नाहीत असंही नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी तीस वर्षं विंचू गोळा केले. आमच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी घट्ट झाकणाचा एक डबा कायम असायचा, कारण विंचवाला मारायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे थंडी. सासूबाईंनी एकदा लोणी समजून तो डबा उघडला. त्यानंतर त्या आमच्याकडे कधी मुक्कामाला आल्या नाहीत. तो डबा मी मुद्दामच पुढे ठेवला होता असं बायको अजून म्हणते.

झाली गंमत. आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. संपादकांना पसंत पडलं नाही तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

मी एका विंचवाला नाव दिलं आहे. जगातल्या विंचवांच्या यादीत तो आता आहे आणि त्याच्या नावापुढे, नाव देणारा म्हणून, माझं आडनाव छापलेलं असतं. "नवीन जात शोधली" म्हटलं की लोकांना वाटतं, मी काहीतरी जन्माला घातलं. तसं नसतं. जात तिथे असतेच, लोक पिढ्यान्‌पिढ्या तिला चपलेनं मारत असतात. आपण फक्त तिचा कागद करतो. काम कारकुनाचं आहे. एक धडधाकट, न मोडलेला प्राणी निवडायचा, तो मूळ नमुना. नाव त्याला चिकटतं. त्याला स्पिरिटमध्ये बुडवून बाटलीत घालायचं आणि बाटली संग्रहालयाकडे द्यायची. पुढे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्यानं तीच बाटली उघडून पाहायची. मग मोजमाप. शेपटीचा एकेक मणका, चिमट्याची लांबी, रुंदी, चिमट्यावरचे केस किती आणि नेमके कुठे. विंचवाच्या पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांचे दात मोजायचे. नराचा कंगवा मोठा, दात जास्त. नर आणि मादी दोन्ही हाताशी नसतील तर निबंध लंगडा राहतो. माझी एक मादी पावणेदोन वर्षं नराची वाट पाहत बाटलीत बसून होती.

या कामातला पहिला धडा असा की रंगावर जाऊ नये. रंग वयानं बदलतो, कात टाकली की बदलतो, स्पिरिटमध्ये तर उतरूनच जातो. मी वर्गात सांगायचो, "रंग पाहायचा असेल तर साडीच्या दुकानात जा." पोरं हसायची, मला बरं वाटायचं.

आमच्याकडे लोक यायचे तेही एकेक नग. किन्हीराजाच्या पुढे माळाला लागून एक वाडी आहे, तिथले किसनबुवा विंचू उतरवायचे. मंत्र, राख, लिंबाचा पाला, सगळं साग्रसंगीत. एके दिवशी पांढरंशुभ्र धोतर नेसून ते माझ्या प्रयोगशाळेत आले, इकडेतिकडे पाहून दार लोटलं आणि म्हणाले, "सर, कोन्ता इच्चू मारत नाही तेवढं सांगून द्या. बाकी मी पाहून घेतो."

मी म्हटलं, "बुवा, मंग मंत्राचं काय?"

"मंत्र हाय ना. पन लाल बारका दिसला का मी हात नाही लावत. सांगतो, हा माह्या गुरूच्या हद्दीबाहेरचा हाय, याले मालेगावले दवाखान्यात न्या."

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये किती वेळा सांगितला असेल त्याला गणती नाही. दरवेळी नक्कल करून.

त्याच वाडीतल्या शेवंताबाई. पन्नाशीच्या, काटक, तोंडानं फटकळ. दुसऱ्यांच्या शेतातले दगड वेचून बांधाला लावायच्या कामावर जायच्या. मुलगा आणि सून दिवाळी झाली की ऊसतोडीला निघून जात, नात साक्षी आजीपाशी राही. एकदा मी माळावर दगड उलथून पाहत होतो, तेव्हा त्या शेजारच्या शेतात होत्या. बराच वेळ माझी कसरत पाहून शेवटी जवळ आल्या.

"काय हरपलं, सर?"

"इच्चू पाहून राह्यलो."

"मंग खाली कायले पाहता? या माळावरचा इच्चू खाली नाही राहत. दगडाले उलटा चिकटून राहते. दगड उचलला का तुमच्या हाताशीच येते ना बाप्पा."

मी त्या माळावर कित्येक वर्षं येत होतो. दगड उचलायचो, बाजूला ठेवायचो आणि खालची माती तपासायचो. विंचू माझ्या हातातल्या दगडाला लटकलेला असायचा आणि मीच त्याला नीट पालथा घालून निघून जायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो हाच. शेवंताबाईंनी दोन दगड उचलून तिसऱ्याला मला ती मादी दाखवली. चपटी, हिरवट काळी, जाड चिमट्यांची. घरी नेऊन कंगव्याचे दात मोजले आणि पुस्तकातल्या कुठल्याही जातीशी ते जुळेनात, तेव्हा मी ते पुन्हा तीनदा मोजले. दुसऱ्या दिवशी मी वाडीवर जाऊन शेवंताबाईंना सांगितलं, "ही नवीन निघाली तर तुमचं नाव देतो." त्या म्हणाल्या, "माहं नाव इच्चवाले? गावातले म्हनतीन, बराबर हाय." आणि पोट धरून हसल्या.

आता नर हवा होता. तोच मिळेना. माळाच्या कडेला घरं, गोठे, तुराट्यांच्या गंजी. विंचू दिसायचा, पण लोक ठेचून मारायचे. कुणी आठवणीनं माझ्यासाठी आणला तरी त्याचा चेंदामेंदा झालेला असायचा. मग मी एक युक्ती काढली. वाडीतल्या शाळेत लोकांना जमवलं आणि मादीची बाटली घेऊन गेलो.

ती बाटली मी प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेली होती. एक अख्खा उन्हाळा तिनं तिथे काढला. मादीचा हिरवट काळा रंग कधीच उतरला होता. बाटलीत होता तो वाळलेल्या तुरीच्या पानासारखा पिवळट, फिका विंचू.

मी म्हणालो, "हा पाहून घ्या. आपल्या माळावरचा आहे, जगात दुसरीकडे कुठं सापडला नाही. चिमटे जाड, शेपटी बारीक. याच्यानं माणूस मरत नाही. मुंगळा चावल्यासारखं दुखते, संध्याकाळपर्यंत उतरते. याले मारू नका. डब्यात घाला आन्‌ मले फोन करा." बाटली हातोहात फिरली. बायकांनी पोरांना वर उचलून दाखवली. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे फिक्का असला का भेव नाही?"

बाटली माझ्याकडे परत आली होती आणि तिचं बूच नीट बसलं आहे ना ते मी पाहत होतो. स्पिरिट उडून गेलं तर माझी एकुलती एक मादी वाळली असती. मान वर न करता मी म्हटलं, "नाही, नाही, याचं भेव नाही."

टाळ्या झाल्या. शाळेनं नारळ दिला.

आमच्या भागात जीव घेणारा विंचू एकच, तो लहानसा लाल. त्याला लाल म्हणतात खरं, पण पुरता वाढलेला नसला की तो पिवळट, फिका नारिंगी असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्यावर प्रश्नपत्रिका काढल्या आहेत.

माझी युक्ती मात्र फळाला आली. धडधाकट विंचू येऊ लागले. महिनाभरात शेवंताबाई साक्षीचा शाळेचा डबा घेऊन कॉलेजात आल्या, सोबत साक्षी. डब्यात नर होता. साक्षी दुसरीत होती. मी तिला सूक्ष्मदर्शकातून त्याचा कंगवा दाखवला, तिनं मोठ्यानं दात मोजले आणि माझ्या मोजणीपेक्षा एक जास्त आला. मी पुन्हा मोजले. तिचंच बरोबर होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी घरी टेबलावर त्या नराचं चित्र काढत होतो. फोन वाजला. शेवंताबाई होत्या.

"सर, साक्षीले चावला. चुलीसाठी तुराट्या काढाले गेल्ती."

"कोणता होता?"

"तुमच्या बाटलीतलाच. फिक्का."

"मारला तर नाही ना?"

"नाही, ताटलीखाली झाकून ठेवला."

"झकास. घाबरू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा. मी येतोच."

"बुवाले बोलावू का?"

"बुवाले कायले? सांगतलं ना, काही होत नाही."

"येतोच" म्हणालो, पण कंगव्याचं चित्र अर्ध्यावर होतं. तिथे हात थांबला की रेषेची जाडी बदलते. ते संपवलं, चहा घेतला, रिकामी बाटली आणि स्पिरिट पिशवीत टाकलं आणि मोटारसायकल काढली. खोटं कशाला बोलू, मी पोरीला पाहायला निघालो नव्हतो. मला दुसरा नर मिळेल असं वाटत होतं.

साक्षी दारात गोधडीवर पडली होती. थंडीचे दिवस, आणि तिचा फ्रॉक घामानं भिजलेला. दोनदा उलटी झाली होती, तोंडातून लाळ येत होती. शेवंताबाई म्हणाल्या, "दुखनं कमी झालं म्हन्ते, सर. हात मात्र गार पडून राह्यले."

आणि मी आधी ताटली उचलली. पोरीचा हात हातात घेण्याआधी मी ती ताटली उचलली. खाली जो होता त्याचे चिमटे काडीसारखे बारीक होते आणि शेपटी जाड. अर्धवट वाढलेला लाल विंचू. रंग फिका.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण लांबवून लिहायची ताकद नाही. शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीतून मालेगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी क्षण वाया घालवला नाही, गोळी दिली, सलाईन लावलं, अँब्युलन्स बोलावली. या विंचवावर एक साधी रक्तदाबाची गोळी चालते, ती लवकर पोटात गेली तर पोरं वाचतात. डॉक्टरांनी मला विचारलं, "किती वाजता चावलं?" मी वेळ सांगितली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि अँब्युलन्सला पुन्हा फोन लावला. वाशीम यायच्या अलीकडे साक्षीच्या तोंडाला गुलाबी फेस आला. शेवंताबाई तो पदरानं पुसत राहिल्या. पुसणं थांबलं नाही, तिचा श्वास थांबला तरी.

साक्षीचे आईबाप दुसऱ्या दिवशी पोचले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी मागे सतरंजीच्या टोकाला बसलो होतो. बाप उठून माझ्याकडे आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "सर, तुमी होते म्हनून पोट्टी दवाखान्यापर्यंत तरी गेली." मी समोर पाहिलं. शेवंताबाई माझ्याकडे पाहत होत्या. फोनवर काय बोलणं झालं ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि मी त्यांच्या मुलाचे हात धरून तसाच बसलो. विंचवाचा हिशेब विंचवावर गेला, गाव नशीब म्हणून मोकळं झालं, आणि मला ते बरं वाटलं. या सगळ्यात मी स्वतःला सर्वांत जास्त शिव्या देतो त्या या बरं वाटण्याबद्दल.

परत निघताना किसनबुवा रस्त्यात भेटले. ते म्हणाले, "मले बोलावलं असतं, सर, तं मी पाहताबराबर सांगतलं असतं मालेगावले न्या म्हनून. मी तं भेकड मानूस." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बुवांची नक्कल मी त्यानंतर केली नाही.

इथे चांगल्या माणसानं काम सोडून दिलं असतं. मी वर्षभर बाटल्यांना हात लावला नाही, पण सोडलं नाही. मला तो निबंध छापून हवा होता. लिहितानाही लाज वाटते, पण हवा होता. निवृत्त झालो, रिकामपण अंगावर आलं आणि मी पुन्हा टेबलाशी बसलो. सगळं लिहून झालं, फक्त नावाची जागा राहिली. मग वाडीवर गेलो. शेवंताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी समोर बाजेवर बसलो.

"निबंध तयार झाला," मी म्हटलं. "तुमचं नाव देतो म्हणलो होतो. विचाराले आलो."

त्या सूप हलवत राहिल्या. "किती दिवस राह्यते ते नाव?"

"कायमचं. एकदा छापलं का कोणाले बदलता येत नाही."

"मंग तुमचं लावा."

"स्वतःचं नाव लावत नाहीत, शेवंताबाई. आमच्यात तशी रीत नाही."

सूप थांबलं. "बरी हाय तुमची रीत," त्या म्हणाल्या. "मंग कोनाचंच नका लावू."

मी त्याला जे नाव दिलं त्याचा लॅटिनमध्ये अर्थ होतो 'काळा'. निबंध तपासणाऱ्यांपैकी एकानं हरकत घेतली की मूळ नमुना तर पिवळट दिसतो, नाव विसंगत आहे, लेखकानं फेरविचार करावा. मी एका ओळीत उत्तर पाठवलं, की जिवंतपणी तो काळा असतो. पुढे कधी कुणी ती बाटली उघडेल, फिका विंचू आणि त्यावर 'काळा' अशी चिठ्ठी पाहील आणि म्हणेल, नाव देणारा गाढव असावा. म्हणू दे.

छापील प्रत आली ती घेऊन मी पुन्हा वाडीवर गेलो. का गेलो ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. शेवंताबाईंनी प्रत हातात घेतली, पानं उलटली, कंगव्याच्या चित्रावर जरा थांबल्या.

"काय लिवलं याच्यात?"

चौदा पानांचं इंग्रजी त्यांना काय वाचून दाखवणार? मी एकच जागा काढली आणि मराठीत सांगितली. "रंग. जिवंतपणी हिरवट काळा. स्पिरिटमध्ये ठेवल्यावर पिवळट, फिका. फिका रंग ही या जातीची खूण नव्हे. याच भागात सापडणारा प्राणघातक विंचू लहान वयात फिकट असतो."

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी प्रत बाजेवर माझ्याजवळ ठेवली.

"एवढंच तं होतं, सर. हे त्या दिवशी शाळेत काहून नाही सांगतलं?"

नराची घाई होती, बूच सैल होतं, म्हाताऱ्याचा प्रश्न मी अर्धवट ऐकला, ही सगळी कारणं माझ्याजवळ पाठ होती आणि सगळी खरी होती. पण खरं कारण त्याहून खोल होतं, तेच त्यांना सांगायला हवं होतं.

"मले तो रंग दिसलाच नाही, शेवंताबाई."

त्या उठल्या. आत जाता जाता उंबऱ्यात थांबल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आमाले तं तेवढाच दिसला."